सातव्या गाण्याआधीचं बोलणं

भात झोडून, वाळवून झालं की घरामागची पत्र्याची खोली पोत्यांनी भरून जायची. तीन भिंतींना लागून एकावर एक रचलेली पोती आणि मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा. आत शिरलं की नव्या इंद्रायणी तांदळाचा गोडसर, थोडा धुळकट वास नाकात बसायचा. प्रफुलनं ती खोली पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो मधोमध उभा राहिला, एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. टाळी जागच्या जागी विझली. "आवाज परत येऊनच नाही राहिला बे," तो म्हणाला. "नित्या, तुह्या घरी स्टुडिओ हाय अन् तू मले आत्ता सांगतं?"

प्रफुल आमचा भाडेकरू. पुण्याजवळ भुकूमला रस्त्याकडेच्या आमच्या जागेत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठ खोल्यांची चाळ बांधली होती, त्यातल्या चौथ्या खोलीत तो राहायचा. यवतमाळकडचा, हिंजवडीतल्या एका कंपनीत फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकायचा. सकाळी नळाच्या रांगेत उलटी बादली वाजवत तो स्वतःच्या रॅपच्या ओळी म्हणायचा आणि बाकीचे भाडेकरू त्याला शिव्या घालायचे. मी तेव्हा कॉलेज सोडून आण्णांच्या ट्रॅक्टरवर बसत होतो आणि वह्या भरून यमक जुळवत होतो. कुणाला दाखवत नव्हतो. प्रफुलला दाखवलं. त्यानं सगळी वही वाचली आणि तिच्यातल्या अर्ध्या पानांवर काट मारली. "हे तू जगला नाही," एवढंच तो म्हणाला.

आमच्या जोडीचं नाव 'बिगरशेती'. भुकूमपासून पौडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्यांवर तोच शब्द दिसायचा, म्हणून. अल्बमचं नाव 'सामाईक', कारण आमच्या सातबाऱ्यावर तो शब्द होता आणि मला तो लहानपणापासून एखाद्या नातेवाइकासारखा वाटायचा. नाव, चाल, ताल या कशावरून आमचं भांडण झालं नाही. नियम मात्र प्रफुलचा होता आणि तो एकच होता: दुसऱ्यानं लिहिलेलं तोंडातून काढायचं नाही. त्यानं मला समजावलं होतं की या गाण्यात माणसाला बेसूर म्हणा, तालात कच्चा म्हणा, तो पचवतो. पण 'ह्याला दुसरा लिहून देतो' असं एकदा म्हटलं की तो माणूस संपला. मला तेव्हा हे फार मोठं तत्त्वज्ञान वाटलं होतं. अजूनही वाटतं, म्हणून तर हे प्रकरण लिहायला इतकी वर्षं लागली.

रेकॉर्डिंग आम्ही संध्याकाळी करायचो आणि रविवारी सकाळी. रविवारी लवासाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायच्या आत दोन-तीन तास मिळायचे. प्रफुलचा लॅपटॉप, त्यानं हप्त्यावर घेतलेला माइक, आणि तोंडाची हवा अडवायला माइकपुढे आईच्या जुन्या नायलॉनच्या मोज्याची जाळी. दार लावलं तरी डंपर गेला की पत्रा थरथरायचा. खोल्यांची पाण्याची मोटर चालू झाली की सगळं थांबवावं लागे. तिसऱ्या गाण्यात मागे कुकरची शिट्टी आहे, ती काढता आली नाही. आई दाराबाहेर ताट ठेवून जायची: तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, कधी सुकटीची चटणी. "मारामारी संपली की जेवा," म्हणायची. आम्ही आत भांडतोय असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं.

खरी अडचण वेगळीच होती. आण्णा दर आठवड्याला चार-पाच पोती गिरणीला पाठवायचे. पोती गेली की भिंत गेली. डावीकडची रास कमरेपर्यंत आली तेव्हा प्रफुलच्या आवाजाला घुमण्याच्या कडा दिसायला लागल्या. दहा गाणी करायची होती आणि सहा झाली होती. मी आण्णांना म्हणालो, गिरणीला जरा दम धरा. ते म्हणाले, "तांदूळ खायला पिकवतो का तुझ्या बोंबलायला?" पण त्या आठवड्याला पोती गेली नाहीत. आण्णा असेच होते. नाही म्हणायचे आणि मग करायचे, आणि आपण केलं हे कळू द्यायचे नाहीत. हे मला त्या वेळी नीट कळलं असतं तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

त्याच आठवड्यात बायडाआत्या आली. आण्णांची धाकटी बहीण, उरवड्याला दिलेली. दरवर्षी भात घरात आलं की ती माहेरचा तांदूळ न्यायला यायची, एक पोतं. ते पोतं आण्णा स्वतः निवडायचे. आमच्याकडे बहिणीचा जमिनीवरचा हक्क असा तांदळात आणि लुगड्यात मोजला जायचा. कागदावर ती हक्कसोड करून देते आणि मग भाऊ आयुष्यभर तिचा मान राखतो. आत्यानंही ती करून दिली होती, मी शाळेत असताना. आता मात्र नवीन काम निघालं होतं. रस्त्यापासून ओढ्यापर्यंतची जमीन आण्णा एका बिल्डरला देत होते, आणि वकिलानं काढलं की त्या जुन्या हक्कसोडीची नोंद कधी झालीच नव्हती. सातबाऱ्यावर आत्याचं नाव तसंच होतं. तिनं पौडच्या कचेरीत येऊन पुन्हा सही करायला हवी होती. आत्या 'येते' म्हणाली होती. तारीख मात्र सांगत नव्हती.

ती पोतं बघायला खोलीत आली आणि आम्हाला बघून दारातच थांबली. "काय चाललंय रं? हितं उंदीर तरी हायेत का पळाले तुमच्या बोंबेनं?"

प्रफुल हसला. त्यानं तिला एका पोत्यावर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवला. तिनं स्वतःचा श्वास ऐकला आणि दचकून माझा हात धरला. "आत्या, काहीतरी बोल," मी म्हणालो. "आवाज तपासायचाय."

"काय बोलू?"

"काही पण. तुझं नाव सांग."

"कुठलं? कागदावरचं का घरातलं?"

आणि मग ती बोलली. किती वेळ, ते मला सेकंदांत ठाऊक आहे, कारण ती फाइल मी पुढे शेकडो वेळा ऐकली. ती जे बोलली ते मी इथे जसंच्या तसं उतरवतो.

"मी बायडा. कागदावर लक्ष्मीबाई. वढ्याकडचं खाचर हाय ना, तितं मी नऊ वर्साची असल्यापास्नं भाताची आवणी केली. लगीन झाल्यावर बी येत हुते. दादा म्हणला, बायडे, सही दे, रीत हाय. मी म्हणलं आण पेन. पर मला द्यायची न्हवती. मला त्या खाचराचा येक कोपरा पायजे हुता. पिकवायला न्हवं. नुसता म्हणायला, ह्यो माझा. कुणी इचारलंच न्हाई, बायडे, तुला काय पायजे."

तिनं हेडफोन काढला आणि तिचं तिलाच उमगलं की आपण काय बोलून गेलो. चेहरा एकदम उतरला. "पुस ते," ती म्हणाली. "नित्या, पुसशील न्हवं? दादाच्या कानावर जायचं न्हाई."

"पुसतो," मी म्हणालो. प्रफुलच्या देखत म्हणालो. तिला रस्त्यापर्यंत सोडून आलो. परत आलो तेव्हा प्रफुल ती फाइल पुन्हा लावून बसला होता, डोळे पुसत. "हे आपल्या सहाही गाण्यांपेक्षा मोठं हाय," तो म्हणाला. "पण ते तिचं हाय. तिले इचार. हो म्हणाली तं ठेवू, नाही म्हणाली तं उडव."

मी दोन दिवसांनी त्याला सांगितलं की विचारलं, ती हो म्हणाली. आणि आत्याला फोनवर सांगितलं की पुसलं. दोन वाक्यं, दोन माणसांना, एकाच दुपारी. मी तेव्हा स्वतःला काय सांगत होतो ते आठवतं: कलेसाठी केलं. आज वाटतं, ते बोलणं माझ्या एका सबंध वहीपेक्षा खरं होतं, आणि असलं खरं माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी ते घेतलं. सातव्या गाण्याच्या आधी ते बोलणं लावलं. दहावं गाणं झालं तेव्हा खोलीत जेमतेम एक रास उरली होती. त्या गाण्यातला घुमणारा आवाज लोकांना मुद्दाम केलेला वाटतो.

अल्बम काढायचा म्हणजे काय करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पिरंगुटला मोबाईलचं एक दुकान होतं, तिथे मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. लग्नातली गाणी, भजनं, डीजेची गाणी. दुकानदारानं 'सामाईक' आपल्या संगणकात 'नवीन मराठी'च्या कप्प्यात टाकला आणि ज्याला नको त्यालाही भरून दिला. मला वाटलं, आण्णांच्या वयाची माणसं असलं काही ऐकत नाहीत. पण टेम्पोवाले ऐकत होते. उरवड्याच्या कंपन्यांतली पोरं जेवणाच्या सुट्टीत ऐकत होती. पंधरा दिवसांत रिक्षा थांबवून लोक मला हात दाखवायला लागले. आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा पंधरवडा. पण कुठेही सातवं गाणं सुरू झालं की मी तिथून निघून जायचो.

बैठक आमच्या पडवीत होती, दुपारी जेवणं झाल्यावर. वकील आले होते. माझे चुलते तात्या आले होते. आत्या आली होती, कारण सहीची तारीख ठरवायची होती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आईच्या शेजारी बसली होती. प्रफुल सुट्टीवर होता आणि चाळीच्या पायरीवर बूट घासत बसला होता. पडवी आणि पायरी यांत दहा पावलांचं अंतर. तात्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "तारीख मागनं ठरवू. आदी गाणं ऐका. आपल्या नित्याचं. लई गाजतंय."

त्यांनी सातवं गाणं लावलं. मी बायडा. कागदावर लक्ष्मीबाई. आत्याचा आवाज त्या लहानशा फोनमधून पातळ होऊन आला, पण ओळखू न येण्यासारखा नव्हता. तिनं आधी फोनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रागानं नाही. एखाद्याच्या हातातलं भांडं पडलं की आपण जसं बघतो, तसं. पुढं गाणं सुरू झालं तेव्हा तात्यांनी ते बंद केलं. "बहिणीच्या तोंडनं भावाला नागडं केलंय," ते म्हणाले. "वा रं पोरा!"

वकिलांनी चष्मा काढला. ते शांतपणे बोलले, त्यामुळे सगळ्यांना जास्त भीती वाटली. म्हणाले, "हे बघा, हे गाणं असेल तर काहीच प्रश्न नाही. गाण्यात लोक काहीही बोलतात. पण हे यांचं स्वतःचं म्हणणं असेल, तर मी आज तारीख घेणार नाही. समोरची पार्टी हे ऐकणारच. आधी बाईंचं काय ते मिटवा, मग व्यवहार."

चाळीतली पाण्याची मोटर चालू होती, ती कुणीतरी बंद केली. आण्णा खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं. आत्याला नाही, मला. "नितीन, हे तिचं बोलणं हाय का तुमी लिवून दिलेलं? तिचं असंल तर सांग. कोपरा सोडतो व्यवहारातनं. पर खरं सांग."

आण्णांचा आवाज चढला नव्हता. मला तो सापळा वाटला. व्यवहार झाला की रस्त्याकडचा एक गाळा मला स्टुडिओला देणार, असं ते म्हणाले होते. तो गाळा मला दिसला. प्रफुलचं सामान चाळीबाहेर पडलेलं दिसलं. तात्या माझी कॉलर धरतायत हे दिसलं. आणि उंबऱ्याशी आत्यानं बोलायला तोंड उघडलेलं मला दिसलं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. ती बोलणार होती. काय बोलणार होती, हे कधीच कळायचं नाही, कारण तिच्या आधी मी बोललो.

"आमी लिवून दिलं," मी म्हणालो. "गाण्यासाठी. तिला म्हणलं असं असं बोल."

आत्याचं तोंड मिटलं. तिनं पदर नीट केला. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. माझी मान खाली गेली, तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला, अगदी साधा. "व्हय. पोरांनी सांगितलं ते बोलले. मला काय कळतंय त्यातलं?"

तात्या मोठ्यानं हसले. "मंग लई झ्याक बोललीस की! नाटकात घ्याया पायजे हुतं हिला." आईनं आत्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत नेलं. वकिलांनी पुढच्या सोमवारची तारीख लिहिली. आण्णा काही वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग उठून गोठ्याकडे गेले. ते खरंच तो कोपरा सोडणार होते का, हे मला आजही ठाऊक नाही. गिरणीला न पाठवलेली पोती मला नंतर आठवली, आणि तेव्हापासून मला वाटतं की सोडला असता.

पायरीवर प्रफुलचा एक बूट घासून झाला होता, दुसरा तसाच होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो बुटाकडे बघतच म्हणाला, "तू मले म्हणला होता ती हो म्हणाली."

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"काऊन केलं बे? त्या बाईनं जिंदगीत एकदा स्वतःचं बोललं. एकदा. अन् तू म्हणतं, मी लिवून दिलं?" त्यानं बूट बाजूला सारला. "अरे, दुश्मनाले पण असं म्हणत नाही आपण."

दोन दिवसांत त्यानं खोली सोडली. जाताना माइक घेऊन गेला, लॅपटॉपमधली सगळी गाणी मात्र एका पेन ड्राइव्हमध्ये भरून आईजवळ देऊन गेला. त्यावरच्या चिठ्ठीवर आम्हा दोघांच्या नावांपैकी त्यानं स्वतःचं नाव खोडलं होतं. पुढे त्यानं नागपुरात नाव काढलं असं ऐकलं. मी फोन केला नाही. गाळा मला मिळाला. त्यात मी स्टुडिओ कधीच केला नाही. आता तिथे हार्डवेअरचं दुकान आहे.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. आण्णा गेले, आत्याही गेली. मध्यंतरी कुणीतरी 'सामाईक' इंटरनेटवर टाकला. आपल्याकडचा पहिला रॅप अल्बम म्हणून नवी पोरं तो शोधून ऐकतात. खाली लोकांनी लिहिलेलं मी रोज वाचतो. सातव्या गाण्याखाली एकानं विचारलंय: सुरुवातीचं बाईचं बोलणं कुणी लिहिलंय? जबरदस्त लेखन. त्याखाली दुसऱ्यानं माझं नाव लिहिलंय, आणि शंभरेक जणांनी त्याला आवडल्याचा अंगठा दिलाय. मी तिथे उत्तर द्यायला अनेकदा बसलो. दोन ओळींत ते मावत नाही. म्हणून इथे लिहितो: ते कुणी लिहिलेलं नाही. ते बायडाआत्याचं आहे. तिच्याखेरीज त्यातला एक शब्द कुणाचा नाही.

जमीन गेल्यावर आमच्याकडे भात राहिलं नाही. तरी आण्णा दर वर्षी बाजारातून इंद्रायणीचं पोतं घेऊन उरवड्याला पाठवायचे, आणि आत्या तो तांदूळ माहेरचा म्हणून शिजवायची. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. माझ्या पोरांची नावं तिनंच ठेवली. तिनं मला माफ केलं होतं की नाही, असा प्रश्न माझ्या मनात पुष्कळदा येतो. पण मला त्याहून जास्त छळतो तो पौडच्या कचेरीतला सोमवार.

आत्यानं आईनं दिलेलं नवं लुगडं नेसलं होतं. कचेरीत गर्दी होती. नंबर लागला तेव्हा कारकुनानं तिला कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, फोटो काढला, अंगठा घेतला. मग कागदावरून नजर न काढता, दिवसातून पन्नास वेळा विचारतो तसं, त्यानं विचारलं, "मावशी, राजीखुशीनं सही करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

आत्यानं आण्णांकडे पाहिलं. कारकुनानं वर पाहिलं. आण्णा भिंतीकडे बघत होते. मग ती म्हणाली, "राजीखुशीनं. जबरदस्ती न्हाई कुणाची."

सही करून ती बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. अंगठ्याची शाई नव्या लुगड्याला लागू नये म्हणून हात पुढे धरून बसली होती. मी रुमाल दिला. ती अंगठा पुसत राहिली, बराच वेळ. मग माझ्याकडे वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरोखरच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

"बरुबर बोलले न्हवं रं?"

"व्हय आत्या," मी म्हणालो. "बरुबर."